काठावरून बास कसा पकडावा: टेक्सास रिगची गाठ ते मासा परत सोडणं

अमेरिकेत राहून गळाची मासेमारी शिकायची असेल तर सुरुवात बास या गोड्या पाण्यातल्या माशापासून करावी. ट्राउटला थंड पाणी लागतं, वॉलाय बराच वेळ खोलात असतो. बास मात्र बागेतल्या तळ्यापासून मोठ्या धरणांपर्यंत सापडतो, काठाजवळ येतो आणि बोट नसली तरी हाती लागतो. तरीही नवशिके तासन्‌तास गळ टाकून रिकाम्या हाताने परततात. याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: आमिष उघड्या पाण्यात टाकलं जातं, आणि ते फार भराभर ओढलं जातं. खाली टेक्सास रिग ही एकच जोडणी (दोरी, वजन, गळ आणि प्लॅस्टिकचा किडा यांची मांडणी) सविस्तर दिली आहे. ती नीट जमली की ह्या दोन्ही चुका बऱ्याच अंशी टळतात.

समोर आलेला मासा कोणता?

राज्याच्या नियमपुस्तिकेत ‘ब्लॅक बास’ असा एक गट दिसेल. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ, स्पॉटेड आणि काही स्थानिक जाती त्यात येतात. टेक्सासचा राज्यमासा ग्वादालूपे बास हा त्यांतलाच. हे सगळे सनफिश कुळातले, म्हणजे तळ्यात झुंडीने दिसणाऱ्या ब्लूगिलचे भाऊबंद. स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट बास यांचं कूळ वेगळं आणि नियमही वेगळे, तेव्हा पुस्तिकेतली ओळ नीट वाचा.

ओळखताना माशाचं तोंड मिटवून वरच्या जबड्याचं टोक पाहा. ते डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे गेलं असेल, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळसर आडवा पट्टा असेल आणि पाठीवरच्या परामध्ये (फिनमध्ये) खोल खाच असेल, तर तो लार्जमाउथ. जबडा डोळ्याच्या खालीच थांबत असेल, रंग तपकिरी-पितळी आणि पट्टे उभे असतील, तर स्मॉलमाउथ. स्पॉटेडला पट्टा लार्जमाउथसारखा असतो, पण जबडा आखूड असतो, पोटाकडे ठिपक्यांच्या ओळी असतात आणि बहुधा जिभेवर बोटाला खरखरीत लागणारा चट्टा असतो. लार्जमाउथला झाडोरा, उथळ आणि संथ पाणी आवडतं. स्मॉलमाउथला खडक, स्वच्छ पाणी आणि थोडा प्रवाह. हा लेख मुख्यतः लार्जमाउथसाठी आहे.

आधी परवाना

परवाना राज्यागणिक वेगळा, आणि मासा पकडून लगेच सोडणार असलात तरी तो लागतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात वयाच्या १६ वर्षांपासून, टेक्सासमध्ये १७ पासून. टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथल्या लोकांनी पहिला दिवस तिथेच काढावा. किती मासे ठेवायचे, किती लांबीचे, कोणत्या महिन्यांत, हे तळ्यागणिकही बदलतं. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात पकडलेला प्रत्येक ब्लॅक बास तिथल्या तिथे सोडावा लागतो, कारण तो विणीचा हंगाम. त्या वर्षीची पुस्तिका फोनवर उतरवून ठेवा.

सामान

रॉड ७ फुटी, स्पिनिंग, मीडियम-हेवी पॉवर (बऱ्यापैकी ताठ) आणि फास्ट ॲक्शनचा (टोकाकडेच वाकणारा) घ्या. मऊ रॉड इथे घात करतो: या जोडणीत गळाचं टोक प्लॅस्टिकच्या आत लपलेलं असतं, आणि रॉड नुसताच वाकला तर ते प्लॅस्टिक फोडून माशाच्या जबड्यात रुततच नाही. रील ३००० आकाराची पुरते.

दोरीसाठी २० पौंडी ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली दोरी, सोयीची. ती ताणली जात नाही, त्यामुळे लांबवरचा टिचकीएवढा धक्काही हाताला कळतो. पाणी अगदी नितळ असेल तर १० पौंडी मोनोफिलामेंट (एकाच धाग्याची नायलॉनची दोरी) वापरा. दोरी रिळावर काठोकाठ भरू नका. कडेपासून ३ मिलिमीटर खाली थांबा. जास्त भरली की वेटोळी एकदम सुटतात आणि तिढा होतो. दोरी टाकल्यावर रिळाची उघडमीट होणारी तार (बेल) हँडल फिरवून नव्हे, हाताने बंद करा. निम्मे गुंते तिथेच टळतात.

याशिवाय लागतील ते ३/० मापाचे ऑफसेट वर्म हुक (डोळ्याजवळ वाकण असलेले गळ), गोळीच्या आकाराची वजनं आणि ६ इंची मऊ प्लॅस्टिकचे किडे. ६ फुटांपर्यंतच्या पाण्यात १/८ औंस वजन, त्याहून खोल पाण्यात किंवा वाऱ्यात १/४ औंस. शिशाच्या छोट्या वजनांवर काही राज्यांत बंदी आहे, कारण ती गिळून लून पक्षी मरतात; टंगस्टन महाग पडतं पण सगळीकडे चालतं. किड्याचे रंग दोनच घ्या: नितळ पाण्यासाठी हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यासाठी काळा-निळा. दुकानातले बाकीचे पन्नास रंग सध्या राहू द्या. लांब चोचीची पक्कड, कात्री, मोजपट्टी आणि पोलराइज्ड चष्मा विसरू नका.

जोडणी

१. वजन दोरीत ओवा. निमुळतं टोक रॉडच्या दिशेला, पसरट बाजू गळाकडे. उलटं ओवलं तर प्रत्येक गवतात अडकेल.

२. गळाला पालोमार गाठ मारा. दोरीचा १५ सेंटिमीटर भाग दुमडून गळाच्या डोळ्यातून पार करा. त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा. गळ खाली लोंबत राहील. आता दुमडलेल्या टोकाच्या फासातून अख्खा गळ पलीकडे काढा. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि दोन्ही दोऱ्या एकत्र धरून हळूहळू आवळा. मोनोफिलामेंट कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते, आणि मग मोठा मासा लागला की गाठ तुटते. उरलेलं शेपूट ३ मिलिमीटर ठेवून कापा.

३. किड्याच्या डोक्यात बरोबर मध्यभागी गळाचं टोक खुपसा, ६ मिलिमीटर आत न्या आणि बाजूने बाहेर काढा.

४. किडा गळावरून वर सरकवत डोळ्याजवळच्या वाकणापर्यंत आणा. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक किड्याच्या अंगाकडे वळेल.

५. किडा सरळ लोंबू द्या. गळाचं वाकण त्याच्या अंगाला जिथे टेकतं, तिथे नखाने खूण करा. त्याच खुणेवर टोक आरपार काढा.

६. बाहेर आलेलं टोक किड्याच्या कातडीत जेमतेम १ मिलिमीटर परत टोचा. आता बोट फिरवलं तर टोक लागता कामा नये, पण किडा किंचित दाबला तर ते लगेच बाहेर यायला हवं.

आता किडा डोळ्यांसमोर धरून पाहा. तो तारेसारखा सरळ हवा. खूण जरा शेपटीकडे झाली तर मधे फुगवटा येतो, डोक्याकडे झाली तर किडा ताणला जातो. वाकडा किडा पाण्यात गरगरतो, दोरीला पीळ बसतो आणि बास तोंड लावत नाही. दिसायला ही बारीकशी गोष्ट, पण नवशिक्याच्या रिकाम्या दिवसामागे बऱ्याचदा तीच असते. वाकडा आहे असं वाटलं तर टोक काढा आणि पुन्हा टोचा.

कुठे टाकायचं

बास हा दबा धरून बसणारा मासा. त्याला आडोसा हवा, आणि त्या आडोशाची कड हवी. पाणकणसांची बाहेरची रेघ, पाण्यात पडलेलं झाड, लिलीच्या पानांमधली मोकळी फट, धक्क्याखालची सावली, धरणाच्या भिंतीचे दगड संपतात ती जागा, नाला तळ्याला मिळतो ते तोंड. पाण्याच्या कडेला जाऊन उभं राहण्याआधी दहा पावलं मागूनच पहिला गळ काठाला समांतर टाका. बरेच बास काठापासून हातभर अंतरावर असतात आणि पावलांच्या हादऱ्यानेच पळतात.

पाणी १५ ते २४ अंश सेल्सियस असताना, म्हणजे वसंतात, नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखतो. अशा नराला उचललं की आजूबाजूचे ब्लूगिल काही मिनिटांत अंडी फस्त करतात. म्हणून कायद्याने मनाई नसली तरी घरट्यावरच्या माशावर गळ टाकूच नये असं आमचं ठाम मत आहे. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ साधा. भर दुपारी दाट सावलीच्या आतच टाका. शरदात बास लहान माशांच्या झुंडींमागे फिरतो. थंडीत तो खोल आणि सुस्त असतो, तेव्हा किडा चार इंची घ्या आणि दुप्पट सावकाश चालवा.

टाकणं, थांबणं, ओढणं

आमिष पाण्यावर पडल्यापासून तळाला टेकेपर्यंतचा वेळ सगळ्यांत मोलाचा, कारण बास बहुधा ते खाली पडतानाच तोंडात घेतो. दोरी ना ताठ, ना भोंगळ ठेवा. किडा सरळ खाली जायला हवा, पण दोरीची हालचाल दिसायला हवी. नजर दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर. दोरी अचानक थांबली, बाजूला सरकली किंवा टुणकन उडाली, तर मासा आहे असंच समजा.

तळ लागला की दहापर्यंत मोजा. मग रॉडचं टोक घड्याळाच्या नवावरून अकरावर न्या, परत नवावर आणा, येताना ढील गुंडाळा आणि पुन्हा थांबा. आमिष हलवायचं रॉडने. रीळ फक्त ढील भरायला. एका फेकीला दोन मिनिटं लागली तर वेग बरोबर आहे.

‘टक-टक-टक’ असं लागत राहिलं तर तो ब्लूगिल किड्याची शेपटी टोचतोय. बासचा धक्का बहुधा एकच आणि जाड असतो, किंवा धक्का नसतोच, नुसतं ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. तसं लागलं की रॉड खाली करून ढील भरा आणि जोरात वर हिसका द्या. ढील न भरता दिलेला हिसका दोरीतच विरतो. फार वेळ थांबलात तर मासा गळ पोटात घेतो, म्हणून निर्णय दोन सेकंदांत.

रिळाचा ड्रॅग (मासा ओढताना दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा ठेवा. बास पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो आणि त्यातच गळ सुटतो. तो वर येतोय असं दिसलं की रॉडचं टोक पाण्याकडे न्या, दोरी मात्र ताठच.

हातात घेणं आणि सोडणं

आधी हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला बुरशीजन्य रोग होऊ शकतो. बासचे दात बारीक आणि खरखरीत असतात, कापत नाहीत. अंगठा तोंडात, तर्जनी हनुवटीखाली, आणि मासा उभा धरा. तीन पौंडांहून मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली लावा. फोटोसाठी नुसत्या जबड्यावर आडवा धरला की सगळा भार त्या सांध्यावर येतो. असा मासा पोहत निघून गेला तरी नंतर त्याला नीट खाता येईलच असं नाही. अर्ध्या मिनिटात पाण्यात परत. गळ घशात खोल असेल आणि पकडीने सहज निघत नसेल तर ओढाताण करू नका, दोरी गळाजवळ कापा.

खायचा असेल तर नियमात बसणारा लहानातला ठेवा. मोठे मासे बहुतेक माद्या असतात, विणीला त्याच महत्त्वाच्या. शिवाय मोठ्या बासच्या मांसात पारा जास्त साठतो. राज्याचं आरोग्य खातं तळ्यागणिक सल्ला छापतं, गर्भवती बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा. रवा लावून तळायला तळहाताएवढे ब्लूगिल बासपेक्षा गोड लागतात आणि ते तळ्यात भरपूर असतात.

एका तळ्यातला बास दुसऱ्या तळ्यात कधीही सोडू नका. जॉर्जियात १९३२ साली पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या लार्जमाउथच्या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये झाली ती जपानच्या बिवा सरोवरात, जिथे हा मासा माणसानेच नेलेला आहे. तिथल्या देशी माशांवर त्याने इतकं संकट आणलं की जपानात २००५ पासून जिवंत बास नेणं-सोडणं कायद्याने बंद आहे.

निघताना फाटलेले किडे पाण्यात टाकू नका. मासे ते गिळतात आणि प्लॅस्टिक पोटात फुगतं. डोक्याकडून फाटलेला किडा अर्धा इंच कापून पुन्हा टोचता येतो, तेव्हा तो डबीत परत ठेवा. बुटांना आणि वजनाला चिकटलेलं शेवाळ तिथेच काढून काठावर कोरड्यात टाका.