आपलं तोंड आपणच कसं तपासावं

श्रीवर्धनला माझा दातांचा दवाखाना आहे. इथली रोठा सुपारी नावाजलेली, आणि पुष्कळ घरांत मशेरीचा डबाही असतो. म्हणून दाढ दाखवायला आलेल्या प्रत्येकाला मी कर्करोगाच्या खुणांसाठी महिन्यातून एकदा आपलं तोंड तपासायला शिकवते.

खळखळून चूळ भरा, कवळी असेल तर काढून ठेवा आणि खिडकीपाशी आरसा धरा. ओठ उलटे करून बघा, गाल बोटाने बाहेर ओढा. मग जीभ. टोक स्वच्छ रुमालात धरून एकेका बाजूला ओढा आणि पार मागपर्यंतची कड बघा. ही कड आणि जिभेखालची जागा लोक हमखास विसरतात, आणि जिभेचा कर्करोग बहुतेक वेळा कडेलाच होतो. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लाल डाग जास्त धोक्याचा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात का? मावत नसतील तर सुपारीने तोंड आखडत असेल; ती आजच बंद. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदवलंय.

मानही दोन्ही बाजूंनी चाचपा. कडक, न हलणारी गाठ अंगावर काढू नका. खालच्या ओठाच्या आतला निळसर, पाणीदार फोड मात्र बहुधा साधा असतो. लाळेची नळी दुखावल्याने तो येतो. तरी गाठ साधी की कर्करोगाची, हे तुकडा तपासूनच ठरतं. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.