मास्टरिंग आणि लाउडनेस: या चुका टाळा

मिक्स करताना भरदार वाटलेले गाणे प्रसिद्ध झाल्यावर इतर गाण्यांच्या शेजारी दबलेले, सपाट किंवा कर्कश ऐकू येते, ही नव्या साउंड इंजिनिअरांची नेहमीची तक्रार आहे. त्यावरचा नेहमीचा उपायही ठरलेला असतो: लिमिटर (ठरलेल्या मर्यादेच्या वर जाणारी शिखरे दाबणारा प्रोसेसर) आणखी थोडा दाबायचा. बहुतेक वेळा दोष नेमका तिथेच असतो. ज्या गाण्याला आधीच दाबून दाबून जागा उरलेली नाही, त्याला आणखी दाबल्याने मीटरवरचा आकडा वाढतो, पण ऐकणाऱ्याला ते मोठे वाटत नाही. लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा, हा मास्टरिंगच्या (तयार मिक्सला प्रसिद्धीसाठी अंतिम रूप देण्याच्या) शेवटच्या टप्प्यावर वरून ओतायचा पदार्थ नाही. तो वाद्यरचनेत आणि मिक्समध्ये तयार होतो, आणि मास्टरिंग त्याला फार तर शेवटचा हात फिरवते. पुढच्या चुका या एका गैरसमजाभोवती फिरतात.

पातळी न जुळवता तुलना करणे

ही चूक मी पहिली ठेवतो, कारण ती झाली की पुढचा प्रत्येक निर्णय संशयास्पद ठरतो. आवाजाची पातळी वाढली की मंद्र आणि तार टोकांच्या कंप्रता कानाला तुलनेने अधिक भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले समान लाउडनेसचे वक्र हेच सांगतात. त्यामुळे एखादा प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर) चालू करताच आवाज १ डेसिबलने जरी वाढला, तरी तो प्लगइन ‘चांगला’ वाटतो. त्याने खरोखर काही सुधारले की नुसते मोठे केले, हे कानाला वेगळे करता येत नाही. अशा पाच-सहा पायऱ्या एकावर एक चढल्या की मूळ मिक्सपेक्षा वाईट पण मोठे मास्टर तयार होते आणि ते ऐकून समाधानही होते.

उपाय सोपा असला तरी तो प्रत्येक वेळी करावा लागतो. प्रत्येक प्रोसेसरच्या आउटपुटवर वाढलेली पातळी तितकीच खाली आणावी आणि मगच तो बायपास करून (तात्पुरता बाजूला ठेवून) तुलना करावी. संदर्भासाठी घेतलेले प्रसिद्ध गाणेही आपल्या अपुऱ्या मास्टरपेक्षा बरेच मोठे असते. ते एलयूएफएस (जाणवणारी लाउडनेस मोजण्याचे एकक) मीटरने मोजून आपल्या पातळीला उतरवल्याशिवाय ऐकू नये. शक्य असल्यास मॉनिटरच्या नॉबवर एक खूण करून ठेवावी आणि महत्त्वाचे निर्णय त्याच खुणेवर घ्यावेत. कानाला एका पातळीची सवय झाली की किती दाबले हे मीटरकडे न पाहताही कळू लागते.

मिक्समधला दोष मास्टरवर ढकलणे

गायन मागे पडले आहे म्हणून संपूर्ण मिक्सवर ३ किलोहर्ट्झला ५ डेसिबल वाढवले, तर गायनासोबत स्नेअर, गिटार आणि झांजाही तितक्याच पुढे येतात. मास्टरवर एखाद्या ठिकाणी दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त दुरुस्ती करावीशी वाटली, तर प्रोजेक्ट पुन्हा उघडून ती मिक्समध्येच करावी. मिक्स हातात नसेल, तर निदान गायन आणि वाद्ये वेगवेगळ्या स्टेममध्ये (एकेका गटाच्या स्वतंत्र फाइलमध्ये) मागून घ्यावीत.

यात सर्वांत महाग पडतो तो मंद्र भाग. खालच्या कंप्रतांच्या लहरींची उंची मोठी असते, त्यामुळे लिमिटर सर्वांत आधी त्यांच्यावर आदळतो. किक आणि बेस एकाच क्षणी, एकाच दिशेने आणि सारख्याच उंचीने वर गेले, तर त्यांच्या बेरजेचे शिखर ६ डेसिबलने उंच होते. त्या एका शिखरासाठी लिमिटर संपूर्ण गाणे खाली खेचतो, गायनासकट. ‘माझे गाणे मोठे होतच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. किक वाजताना बेस क्षणभर खाली येईल अशी साइडचेनची (एका वाद्याने दुसऱ्याची पातळी दाबण्याची) योजना, बेसच्या सुरांची लांबी थोडी आटोपती घेणे, आणि ज्या वाद्यांना खाली काही सांगायचेच नाही त्यांचा मंद्र भाग हाय-पास फिल्टरने (फक्त वरच्या कंप्रता जाऊ देणाऱ्या) काढून टाकणे, एवढ्यावर अनेकदा लिमिटरला हात न लावता दोन-तीन डेसिबलची जागा मोकळी होते.

हेडरूमबद्दलही (शिखर आणि डिजिटल कमाल पातळी, म्हणजे शून्य, यांतल्या मोकळ्या जागेबद्दलही) एक समजूत पसरलेली आहे. मिक्सचे शिखर उणे ६ डेसिबलवरच असावे, असा नियम सांगितला जातो. ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट फाइलमध्ये शिखर उणे ३ वर आहे की उणे ८ वर, याने काहीही बिघडत नाही, कारण पातळी नंतर विनासायास खाली आणता येते. बिघडते ते मिक्सच्या मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या मार्गावर) आधीच लावलेल्या जोरकस लिमिटरने. तो लिमिटर तुमच्या आवाजाचाच भाग झाला असेल, तर फाइलच्या दोन प्रती द्याव्यात, एक त्याच्यासह आणि एक त्याच्याविना.

लिमिटरला एकट्यालाच राबवणे

एकाच लिमिटरकडून आठ-दहा डेसिबलची कपात करून घेणे म्हणजे त्याला विकृती निर्माण करायला भाग पाडणे होय. का, ते रिलीजच्या (दाबलेली पातळी परत सोडायला लिमिटर घेतो त्या) वेळेवरून समजते. ५० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून बरीच कमी ठेवली, तर लिमिटर एकाच आवर्तनात दाबतो, सोडतो आणि पुन्हा दाबतो. म्हणजे तो गाण्याच्या पातळीचा माग न ठेवता लहरीचा आकारच बदलू लागतो आणि बेस खरखरतो. रिलीज फार लांब ठेवली, तर प्रत्येक किकनंतर सगळे संगीत बुडते आणि हळूहळू वर येते. त्यालाच पंपिंग म्हणतात. या दोन टोकांमधली जागा प्रत्येक गाण्याची वेगळी असते, आणि कपात जितकी जास्त तितकी ती जागा अरुंद होते.

म्हणून ओझे वाटून द्यावे. संथ कंप्रेसरने (मोठा आवाज हळुवार दाबणाऱ्या प्रोसेसरने) एक-दोन डेसिबल, ड्रमच्या टोकदार शिखरांसाठी क्लिपरने (शिखर थेट कापणाऱ्या प्रोसेसरने) एक-दोन डेसिबल आणि उरलेले लिमिटरने, अशी विभागणी केली तर कोणत्याही एका पायरीवर इजा दिसून येत नाही. क्लिपरमध्ये ओव्हरसॅम्पलिंगची (अधिक दाट नमुन्यांवर प्रक्रिया करण्याची) सोय असेल तर ती चालू ठेवावी, कारण लहर कापल्यावर तयार होणारे उच्च कंप्रतांचे अंश नाहीतर मूळ सुरांशी नाते नसलेल्या आवाजाच्या रूपाने परत खाली येतात. क्लिपिंग ऐकून नाक मुरडणारे लोक भेटतात, पण स्नेअरच्या टोकावरची क्षणभराची कापणी बहुतेक वेळा लिमिटरच्या ओढाताणीपेक्षा कमी खटकते, असे माझे मत आहे.

जास्त दाबले गेले आहे हे ओळखायचे कसे? सारख्या पातळीवर बायपास केल्यावर स्नेअरचा ठोका परत ‘जागा’ झाल्यासारखा वाटतो का, ते पाहावे. गायन एक पाऊल मागे गेले आहे का, आणि कडव्यानंतर ध्रुवपद आले तेव्हा ते खरोखर वर उचलले जाते का, हेही तपासावे. ही शेवटची खूण सर्वांत विश्वासार्ह आहे. मिक्समध्ये ध्रुवपद कडव्यापेक्षा तीन डेसिबलने मोठे असेल आणि मास्टरमध्ये तो फरक अर्ध्या डेसिबलवर आला असेल, तर ते गाणे संपूर्ण वेळ एकाच उंचीवर ओरडत राहते. बऱ्याच लिमिटरमध्ये केवळ काढून टाकलेला भाग ऐकण्याची सोय असते. त्यात फक्त ड्रमची टकटक ऐकू आली तर ठीक आहे, पण गायनाचे शब्द कळू लागले तर कपात कमी करावी.

उणे १४ या आकड्यामागे धावणे

लाउडनेस मोजण्याची आजची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीवर आधारलेली आहे. ती प्रथम २००६ मध्ये आली. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये आर १२८ द्वारे प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस ही पातळी सुचवली. संगीताच्या स्ट्रीमिंग सेवा गाणी वाजवताना त्यांचा आवाज एका ठरावीक पातळीला जुळवतात, आणि ती पातळी याहून वर आहे: स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये उणे १४, ॲपल म्युझिक सुमारे उणे १६, आणि यूट्यूब सुमारे उणे १४ च्या वर असलेला आवाज खाली आणते, पण त्याखालचा वर नेत नाही.

या आकड्यांवरून दोन उलट चुका होतात. पहिली म्हणजे आकड्याकडे दुर्लक्ष करून उणे ७ किंवा उणे ८ पर्यंत ताणणे. उणे ८ चे गाणे स्पॉटिफायवर ६ डेसिबलने खाली येते. म्हणजे उणे १ वर असलेली त्याची शिखरे उणे ७ वर पोहोचतात. शेजारचे गाणे मुळातच उणे १४ चे असेल आणि त्याची शिखरे उणे १ वर असतील, तर दोन्ही सरासरीने सारखीच मोठी वाजतात, पण दुसऱ्याचा ड्रम ६ डेसिबल उंच उडी मारतो. दाबलेले गाणे ‘दबलेले’ का वाटते, याचे उत्तर या हिशोबात आहे.

दुसरी चूक म्हणजे उणे १४ ही परीक्षेतील उत्तीर्णतेची रेषा समजणे. ते सेवेचे स्वतःचे वाजवण्याचे माप आहे, तुमच्यासाठी दिलेला आदेश नाही. घट्ट विणलेले इलेक्ट्रॉनिक किंवा मेटल संगीत उणे ९ लाच नैसर्गिक वाटू शकते, कारण दाट पोत हा त्या शैलीचाच भाग आहे. एक आवाज आणि एक गिटार असलेले गाणे उणे १६ ला अगदी सुखाने राहते. त्याला उणे १४ गाठण्यासाठी लिमिटर लावणे अनाठायी आहे. शिवाय श्रोता ही पातळी जुळवण्याची सोय बंदही करू शकतो, त्यामुळे मास्टर दोन्ही स्थितींत नीट वाजले पाहिजे. हळू गाण्याबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा: स्पॉटिफाय हळू गाणे वर नेताना शिखराला उणे १ च्या पुढे जाऊ देत नाही. उणे २० एलयूएफएसच्या गाण्याचे शिखर उणे ५ वर असेल, तर ते फक्त उणे १६ पर्यंतच चढते. एखादाच सुटा ठोका असे करत असेल, तर तो हाताने खाली आणणे पुरेसे असते.

मोजणीतली गफलतही सामान्य आहे. फक्त ध्रुवपद वाजवून आलेला आकडा हा गाण्याचा आकडा नव्हे. इंटिग्रेटेड (संपूर्ण गाण्याच्या सरासरी) मापनासाठी गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावे लागते, आणि त्याआधी मीटर शून्यावर आणावा लागतो. या मापनात सरासरीपेक्षा १० एककांनी खालचे तुकडे गाळले जातात, त्यामुळे निव्वळ शांततेने आकडा घसरत नाही, पण मध्यम आवाजाची लांब कडवी मात्र त्याला खाली ओढतात. म्हणून सारख्याच उणे १४ च्या दोन गाण्यांपैकी एकाचे ध्रुवपद दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठे वाजू शकते. मीटर सुमारे २ किलोहर्ट्झच्या वरच्या भागाला सुमारे ४ डेसिबल जास्त वजन देतो, हेही विसरू नये. गाणे मोठे वाटावे म्हणून तार भाग भरमसाट वाढवला, तर मीटर ते आणखी मोठे मोजतो आणि सेवा ते आणखी खाली आणते. हाती उरतो तो फक्त कर्कशपणा.

अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला एकच आकडा देऊ नये. हळुवार गाणे हळूच राहू द्यावे.

ट्रू पीककडे दुर्लक्ष

साधा पीक मीटर फक्त नमुन्यांची (सॅम्पलची) उंची पाहतो, पण डिजिटल आवाज पुन्हा सलग लहरीत बदलताना दोन नमुन्यांच्या मधले शिखर त्यांच्याही वर जाऊ शकते. म्हणून मीटर उणे ०.१ दाखवत असताना प्रत्यक्षात शून्य ओलांडले गेलेले असते. एमपी३, एएसी किंवा ऑग व्हॉर्बिसमध्ये रूपांतर करताना लहरीचा आकार बदलतो आणि शिखरे आणखी वाढतात. जितके जास्त दाबलेले गाणे तितकी ही वाढ मोठी असते. ट्रू पीक मीटरवर उणे १ ची मर्यादा ठेवावी. उणे १४ पेक्षा मोठ्या मास्टरसाठी स्पॉटिफाय उणे २ सुचवते. खात्री करायची असेल तर मास्टर स्वतः एएसीमध्ये रूपांतरित करून ती फाइल परत मोजावी.

खोलीवर आंधळा विश्वास

समोरासमोरच्या दोन भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर आवाजाच्या सेकंदाला सुमारे ३४३ मीटर या वेगानुसार त्यांच्यामध्ये सुमारे ४३ हर्ट्झची स्थिर लहर उभी राहते. खोलीच्या नेमक्या मध्यावर बसल्यास तो सूर जवळजवळ नाहीसा होतो, तर भिंतीशी तो फुगतो. मध्यावर बसलेला इंजिनिअर बेस वाढवत राहतो आणि इतरत्र ते गाणे घुमते. अशी पोकळी ईक्यूने (निवडक कंप्रतांची पातळी बदलणाऱ्या प्रोसेसरने) भरून निघत नाही. बसण्याची जागा पुढेमागे सरकवावी, आणि मंद्र भागाचा निर्णय चांगल्या हेडफोनवर पडताळावा. फोनच्या छोट्या स्पीकरवर बेस गायब होत असेल, तर मूळ सुराची पातळी वाढवून उपयोग नाही. हलक्या सॅचुरेशनने (सौम्य विकृतीने) त्याचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतल्या कंप्रता) आणले की कान सूर ओळखतो. मोनोमध्ये ऐकणेही टाळू नये. तिथे गायन किंवा सिंथ पातळ होत असेल, तर स्टिरिओ रुंद करणारा प्रोसेसर दोषी असण्याची शक्यता मोठी आहे.

शेवटच्या पायऱ्यांचा क्रम

सॅम्पल रेट बदलायचा असल्यास तो लिमिटरच्या आधी बदलावा, कारण त्या रूपांतरात शिखरे हलतात. फेड-आउट कंप्रेसर आणि लिमिटरनंतर द्यावा, नाहीतर पातळी उतरताना त्यांची पकड सुटते आणि आवाजाचा पोत बदलतो. डिथर (बिट कमी करताना होणारी विकृती झाकणारा अतिसूक्ष्म गोंगाट) एकदाच, १६ बिटला उतरताना, सर्वांत शेवटी द्यावा आणि त्यानंतर पातळीला हात लावू नये. मग तयार झालेली फाइल रिकाम्या प्रोजेक्टमध्ये घालून पहिल्या क्षणापासून शेवटच्या प्रतिध्वनीपर्यंत हेडफोनवर ऐकावी. सुरुवातीचा अर्धा ठोका कापला जाणे आणि शेवटी रिव्हर्ब मध्येच तुटणे हे दोष मीटरवर दिसत नाहीत.