दुर्मिळ गॅसबत्ती शोधावी आणि पारखावी कशी

जुनी गॅसबत्ती विकायला काढणाऱ्याला ती नेमकी कोणती आहे हे बहुधा ठाऊक नसते, त्यामुळे केवळ मॉडेलचे नाव घेऊन शोधणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. पितळी कंदील, पंपाचा दिवा, इतकेच काय, जुना स्टोव्ह अशा ढोबळ वर्णनांखालीही पाहावे, आणि बत्ती ज्या देशात बनली तिथले शब्द आधी शिकून घ्यावेत. आपण ज्याला रॉकेल म्हणतो त्याला ब्रिटनमध्ये पॅराफिन, अमेरिकेत केरोसीन, जर्मनीत पेट्रोलियम आणि स्वीडनमध्ये फोटोजेन म्हणतात. जर्मन संग्राहक या दिव्यांना 'श्टार्कलिश्टलांपे', म्हणजे प्रखर उजेडाचा दिवा, म्हणतात, आणि हा एक शब्द शोधात वापरला तरी समोर येणारा माल बदलतो.

छायाचित्र पाहताना नावाच्या पट्टीपेक्षा रचनेकडे लक्ष द्यावे. बर्लिनच्या एरिश उंड ग्रेट्झ या कारखान्याची पेट्रोमॅक्स, लाइपझिगची हासाग, हॅलिफॅक्सच्या विलिस अँड बेट्सची व्हॅपॅलक्स, इंग्लंडचीच टिली, स्वीडनच्या ऑप्टिमस व रेडियस आणि अमेरिकेतील विचिटाची कोलमन या सर्वांत तत्त्व एकच आहे: टाकीतल्या हवेच्या दाबाने इंधन वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ मेंटलमध्ये, म्हणजे तापून प्रखर उजेड देणाऱ्या छोट्या जाळीच्या पिशवीत, जळते. फरक पंपाच्या जागेत, नळीच्या वळणात, टोपाच्या आकारात आणि बत्ती आधी तापवण्याच्या पद्धतीत असतो. काही बत्त्यांना स्पिरिटची वाटी असते, तर काहींना खटका दाबून पेटवायची छोटी ज्योतनळी असते. खुणा मात्र बुडाशी शोधाव्यात. कोलमनच्या अनेक कंदिलांच्या टाकीखाली दोन आकडे ठोकलेले असतात, त्यांतला एक महिना आणि दुसरा वर्ष सांगतो. ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या व्हॅपॅलक्सवर सरकारी मालकीची बाणाची खूण असते. म्हणून बुडाचे, पंपाच्या दांड्याचे आणि वरचा टोप काढून आतल्या भागाचे स्वतंत्र फोटो मागवल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत.

पेट्रोमॅक्सच्या घडणीची जगभर इतकी नक्कल झाली की, एकाचे भाग दुसऱ्याला बसतात, आणि त्यातूनच संग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते. टाकी एका काळातली, टोप दुसऱ्या काळातला, काच तिसऱ्याच बत्तीची असा जोडकाम केलेला दिवा पाहता पाहता 'दुर्मिळ' म्हणून खपतो. मी स्वतः असा एक घेतला होता. घरी आणून टोप उचलला तेव्हा त्याच्या कडेवरचा काळपटपणा आणि चौकटीवरची झीज एकमेकांशी जुळत नव्हती; जे दोन भाग वर्षानुवर्षे एकत्र तापले असतील त्यांच्यावर एकसारखे डाग हवेत. तेव्हापासून मी प्रत्येक सांध्यापाशी रंगाची रेघ पाहतो. काच जेना येथील शॉट कारखान्याची असेल तर तिच्यावर तसा ठसा असतो, आणि अशी मूळ काच शाबूत असणे हे टाकीवरच्या चकाकीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

चकाकीबद्दल माझे मत ठाम आहे. अनेक बत्त्यांवर मुळात निकेलचा मुलामा असे. विक्रेते तो घासून काढतात आणि खालचे पितळ उजळून दाखवतात. असा दिवा सुंदर दिसतो, परंतु गेलेला मुलामा परत येत नाही, आणि नव्याने चढवलेला मूळचा ठरत नाही.

प्रत्यक्ष हातात आल्यावर टाकी आधी हलवून पाहावी. आत गंज खुळखुळत असेल तर सावध व्हावे. पितळी टाकीचे बूड आणि पंपाच्या नळीचा सांधा बोटाने चाचपावा, कारण नवा डाख तिथे खडबडीत लागतो. रिकाम्या टाकीत पंपाचे चार-पाच झटके देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, फुगे आले तर गळती कळते. पंपाचे चामडे वाळलेले असेल तर घाबरू नये, तेलात मुरवले की बहुधा ते पुन्हा मऊ होते. बत्ती रॉकेलची आहे की पेट्रोलसारख्या हलक्या इंधनाची हे खात्रीने कळेपर्यंत ती पेटवू नये. कोलमनच्या पुष्कळ बत्त्या हलक्या इंधनाच्या आहेत, आणि रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल घातल्यास ती हातातच भडकू शकते.

जुने मेंटल जपून काढावे. कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने 1891 मध्ये बाजारात आणलेल्या मेंटलमध्ये सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड होते, आणि पुढेही दीर्घकाळ हेच मिश्रण वापरले गेले. थोरियम किंचित किरणोत्सारी असल्याने तुटलेल्या मेंटलची राख फुंकून उडवू नये, ओल्या कापडाने टिपून घ्यावी.

काही भाग न मिळाल्यास दुसऱ्या बत्तीचा लगेच बसवू नये. जागा रिकामी ठेवावी, हरवलेल्या भागाचे माप आणि आट्यांची जाडी लिहून ठेवावी, आणि त्याच मापाच्या सुट्या भागांसाठी शोध चालू ठेवावा. जो भाग बदलावाच लागेल त्याचा मूळ तुकडा चिठ्ठी बांधून बत्तीसोबत ठेवावा.