मान्यता मिळाली म्हणजे देश मिळाला का? पॅलेस्टाईनवर लिहिताना या चुका टाळा

२१ सप्टेंबर २०२५ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगालने एकाच दिवशी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी फ्रान्सने दिली. त्यानंतर आमच्या अभ्यासगटात आलेल्या टिपणांत काही चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. लिहिणारी मुलं मनापासून लिहीत होती, म्हणूनच त्या नीट सांगाव्याशा वाटतात.

"अखेर पॅलेस्टाईनला देश मिळाला"

सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य हेच. मान्यता आणि ताबा यांची इथे गल्लत होते. पॅलेस्टाईनची घोषणा १५ नोव्हेंबर १९८८ ला अल्जीयर्समध्ये झाली आणि भारताने तीनच दिवसांत मान्यता दिली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १३८ देशांनी निरीक्षक राष्ट्राच्या दर्जासाठी (बसता येतं, मत देता येत नाही) मत दिलं. आता मान्यता देणारे देश दीडशेच्या वर आहेत. पूर्ण सदस्यत्व मात्र नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने नकाराधिकार वापरून ते अडवलं.

मान्यतांची यादी वाढत होती, तेव्हाच जमीन हातातून जात होती. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकचे (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी भाग) अ, ब, क असे तुकडे केले. सुमारे ६० टक्के भाग 'क' मध्ये गेला आणि तिथे पूर्ण नियंत्रण इस्रायलचं राहिलं. पूर्व जेरुसलेम धरून व्याप्त भागात राहणारे इस्रायली आता सात लाखांच्या घरात आहेत.

वाक्य लिहिण्याआधी चार प्रश्न विचारून बघा. सीमेवरून कुणाला आत सोडायचं, हे कोण ठरवतं? आयात मालावरचा कर कोण गोळा करतं? माणूस कुठला रहिवासी, याची शेवटची नोंद कुणाच्या हातात आहे? 'क' भागात घर बांधायचा परवाना कोण देतं? वेस्ट बँकपुरतं चारही प्रश्नांचं उत्तर इस्रायल हेच येतं.

गोव्यात याच्या उलट घडलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने तिथलं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. मधली तेरा वर्षं लिस्बनच्या कागदावर गोवा पोर्तुगालचा होता, आणि पणजीचा कारभार भारत चालवत होता. त्याच पोर्तुगालकडून पॅलेस्टाईनला कागद मिळाला आहे. जमीन आणि कारभार अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

'वसाहतवाद' हा एकच शब्द दोन गोष्टींना

आपल्याला वसाहतवाद म्हटलं की इंग्रज आठवतात. इंग्रजांना इथला कापूस हवा होता, शेतसारा हवा होता, शिपाई हवे होते. रयत शेतात राहिली तरच सारा वसूल होणार. सेटलर कलोनियलिझम वेगळा असतो. तिथे येणारा कायमचं राहायला येतो, त्याला जमीनच हवी असते आणि त्या जमिनीवरचा माणूस अडचण ठरतो. यासाठी 'स्थायिक वसाहतवाद' म्हणावं आणि पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगावा.

'वसाहत' हा शब्दही जपून वापरा. आपल्याकडे शिक्षक वसाहत असते, औद्योगिक वसाहत असते. "इस्रायलने नवी वसाहत मंजूर केली" हे वाचून घरबांधणीची योजनाच डोळ्यांसमोर येते. ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला 'ई-वन' भागातल्या सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. ही घरं उभी राहिली तर वेस्ट बँकचा उत्तर आणि दक्षिण भाग तुटतो. यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच गाडली जाईल, असं इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. म्हणून निदान पहिल्या उल्लेखात 'व्याप्त जमिनीवरची वसाहत' असं पूर्ण लिहा.

इस्रायलला स्थायिक वसाहतवाद म्हणणं अनेक इस्रायलींना मान्य नाही. ज्यूंचं या भूमीशी असलेलं प्राचीन नातं ते दाखवतात, आणि ते नातं खरंच आहे. तरीही १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरांतून उखडले गेले आणि त्यांना परतू दिलं नाही, ही गोष्ट त्या नात्याने पुसली जात नाही. आणि इस्रायल सरकारच्या जागी सरसकट 'ज्यू' असं कधीही लिहू नका. एकेकाळी कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्रायलीही ज्यूच आहेत.

आदिवासींना मिळालेली मान्यता तीच, असं समजणं

इथे शब्द तोच असला तरी देणारा बदलतो. पॅलेस्टाईनला मान्यता देतात ते बाहेरचे देश. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना ती देतं ते त्यांची जमीन घेतलेलं राज्यच. ऑस्ट्रेलियात १९९२ च्या माबो निकालाने 'ही भूमी कुणाचीच नव्हती' हा सिद्धान्त फेकून दिला. खटला लढणारे एडी माबो निकालाच्या काही महिने आधीच वारले होते. पण जमिनीवर हक्क हवा असेल तर परंपरेने चालत आलेलं नातं अखंड राहिलं आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. योर्टा योर्टा हे तिथले आदिवासी २००२ मध्ये इथेच हरले. ज्यांनी त्यांना हुसकावलं, त्यांच्याच कोर्टात त्यांच्याकडून अखंडतेचा पुरावा मागितला गेला.

अमेरिकेने १८६८ च्या करारात ब्लॅक हिल्स या टेकड्या लाकोटा आदिवासींच्या मानल्या. सोनं सापडल्यावर १८७७ मध्ये त्या काढून घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना डोंगर परत हवे आहेत.

पहिल्या ऑस्लो कराराआधी १९९३ मध्ये पॅलेस्टिनी नेते अराफत आणि इस्रायलचे पंतप्रधान राबीन यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं या उजेडात वाचा. अराफतांनी इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. राबीन यांनी बदल्यात फक्त पीएलओला (पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला) पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी मानलं. राष्ट्राचा शब्दही दिला नाही. याला 'परस्पर मान्यता' म्हणताना दोन्ही पारडी सारखी भरू नका.

फरकही विसरू नका. पॅलेस्टिनी चळवळीची मुख्य मागणी राष्ट्राची राहिली आहे. अनेक आदिवासी समूह वेगळं राष्ट्र मागत नाहीत, जमीन आणि स्वतःचा कायदा मागतात.

"मान्यता म्हणजे नुसता कागद"

पहिली चूक सुधारताना काही जण या टोकाला जातात. एप्रिल २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी, पॅलेस्टाईन राष्ट्र आहे की नाही हे आपण ठरवू शकत नाही, असं सांगून पॅलेस्टाईनने आणलेलं प्रकरण थांबवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमसभेचं मतदान झालं. त्या आधारावर पॅलेस्टाईन १ एप्रिल २०१५ पासून न्यायालयाचा सदस्य झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने नेतान्याहू यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं.