गावात बसून छोटी रिफायनरी सिम्युलेट करायची तर सुरुवात कुठून करायची

यवतमाळ-वाशिमकडची बरीच पोरं केमिकलला आहेत, महागडं सॉफ्टवेअर फक्त कॉलेजच्या लॅबमधे अन् सुट्टीत गावी आलं की सगळं बंद, त्यांच्यासाठी हे लिहून रायलो. डीडब्ल्यूसिम (DWSIM) घ्या, कॉम्प्युटरवर केमिकल प्लांट सिम्युलेट करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आयआयटी बॉम्बेच्या फॉसी (FOSSEE, ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारा प्रकल्प) वाल्यांनी शिकायचं साहित्य पण ठेवलंय, अन् एकदा इन्स्टॉल झालं की नेट नसलं तरी चालतं.

केस छोटीच धरा, दिवसाला १००० बॅरल. एक बॅरल १५९ लिटरचा, सापेक्ष घनता ०.८५ धरली (म्हणजे एपीआय ३५; एपीआय हे क्रूड किती हलकं ते सांगणारं माप, आकडा जितका कमी तितकं क्रूड जड) तर तासाला साडेपाच टनाच्या थोडं वर फीड, म्हणजे आत जाणारं क्रूड. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, युनिट इथंच चुकतात.

आता मेन गोष्ट, क्रूडचा अ‍ॅसे, म्हणजे त्या कच्च्या तेलाचा तपासणी अहवाल. बाजार समितीत ओलावा पाहिल्याशिवाय सोयाबीनचा भाव निघत नाही, तसं अ‍ॅसे नीट भरल्याशिवाय कॉलमला (क्रूडचे भाग वेगळे करणारा उंच टॉवर) हात लावू नका भाऊ. टीबीपी कर्व्ह (कोणत्या तापमानापर्यंत किती टक्के क्रूड उकळून निघतं तो आलेख) अन् घनता टाका, १५-२० स्युडो कंपोनंट (उकळबिंदूप्रमाणे मानलेले काल्पनिक घटक) पाडा, पेंग-रॉबिन्सन (वाफ किती अन् द्रव किती याचं गणित करणारं समीकरण) निवडा, मग स्ट्रीमची घनता अ‍ॅसेशी जुळते का पाहा. नाही जुळली तर पुढं जाऊच नका.

मग थेट कॉलम नाही, आधी फक्त हीटर अन् फ्लॅश (तापलेल्या क्रूडची वाफ अन् द्रव वेगळं करणारं भांडं). ३५० डिग्री सेल्सिअस, दोन बारच्या आसपास. क्रूडच्या कॉलमच्या बुडाशी रिबॉयलर (खालचा द्रव परत उकळवणारा हीटर) नसतो, जवळपास सगळी उष्णता फीडसोबतच येते, म्हणून वर जितका माल काढायचा त्याहून थोडी जास्तच वाफ इथं व्हायला पाहिजे. कमी पडते म्हणून तापमान वाढवत सुटू नका, ३७० च्या वर खऱ्या भट्टीत क्रॅकिंग होऊन ट्यूबमधे कोक बसतो, सिम्युलेटर मात्र ४५० ला पण बिनबोभाट उत्तर देतो कारण त्या मॉडेलमधे क्रॅकिंग टाकलेलंच नाही. प्रीहीट (गरम प्रॉडक्टच्या उष्णतेनं क्रूड आधीच तापवणं) नसताना हीटर ड्यूटी, म्हणजे हीटरला लागणारी उष्णता, दीड मेगावॅटच्या आसपास यावी, १५ आली तर युनिट पाहा.

कॉलम पहिल्यांदा वर-खाली दोनच प्रॉडक्टवर कन्व्हर्ज करा (म्हणजे गणित जुळून उत्तर येऊ द्या), मग डिझेलचा साइड ड्रॉ (कॉलमच्या मधूनच माल काढणं), मग केरोसिन, बुडाची स्टीम सगळ्यात शेवटी कारण पाणी आलं की वर दोन लिक्विड होतात अन् सॉल्व्हर अडतो. दर पायरीला वेगळ्या नावानं सेव्ह करा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

कट, म्हणजे उकळबिंदूप्रमाणे पाडलेले भाग, ढोबळमानानं १५० डिग्रीपर्यंत नाफ्था, २५० पर्यंत केरोसिन, ३५० पर्यंत डिझेल, खाली उरला तो रेसिड्यू. माझं मत, छोट्या प्लांटचं गणित या रेसिड्यूवरच ठरतं, कारण बहुतेक ठिकाणी क्रॅकर (जड तेल तोडून हलकं करणारं युनिट) नसतो अन् तो फ्युएल ऑइल म्हणूनच विकावा लागतो.  म्हणून शेवटी २५ एपीआयचं, आधीच्याहून जड क्रूड टाकून, भट्टी तीच ठेवून परत चालवा, अन् दोन्ही क्रूडच्या रेसिड्यूचा तक्ता रिपोर्टमधे टाका.