एलियनचा नाहीतर भुताचा 'पुरावा' आला तर तो तपासायचा कसा

ग्रुपवर एखादा व्हिडिओ येतो, खाली लिहिलेलं असतं 'हा घ्या एलियनचा पुरावा', की लगेच दोन पार्ट्या पडतात, अर्धे घाबरतात आणि अर्धे खिल्ली उडवायला लागतात, आणि तपासायचं मात्र राहूनच जातं. म्हणून पहिलं काम, दावा नेमका काय आहे तो एका वाक्यात लिहून काढा. आकाशात काहीतरी दिसलं हा एक दावा आणि परग्रहावरचं यान दिसलं हा दुसरा. पहिला बऱ्याचदा खराच असतो, बघणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खोटं पाडायला जाऊ नका.

२ एप्रिल २०२२ आठवतोय का? गुढीपाडव्याचा दिवस, संध्याकाळी पावणेआठच्या आसपास विदर्भातल्या कितीतरी लोकांनी गच्चीवरून, रस्त्यावरून पेटते गोळे आडवे जाताना पाहिले, मोबाईलवर शूट केले, कुणी उल्का म्हणालं कुणी एलियन. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात दोन-तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडलेली सापडली, आजूबाजूच्या भागात धातूचे गोळेही मिळाले. अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून बघितला तर तो २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा परत वातावरणात शिरलेला टप्पा असावा असं निघालं. आता व्हिडिओत काय बघायचं ते बघा. उल्का सेकंदाला कमीत कमी ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत संपते, रॉकेटचा तुकडा साधारण पावणेआठ किलोमीटर वेगाने तिरपा घसरत येतो, म्हणून तो जास्त वेळ दिसतो, त्याचे तुकडे होतात आणि सगळे एकाच दिशेने एकामागोमाग जातात.

म्हणजे आकाशातलं काही असेल तर चार गोष्टी विचारा: किती वाजता, कुठल्या गावातून, कुठल्या दिशेला, किती सेकंद. हे मिळालं की स्टेलेरियम किंवा हेवन्स अबव्हवर (त्या वेळी आकाशात कुठे काय होतं ते दाखवणारं ॲप आणि वेबसाइट) ती वेळ टाकून बघा. एका ओळीत चालणारे दिवे असतील तर बहुतेक स्टारलिंक म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह, संध्याकाळी पश्चिमेला न लुकलुकणारा ठळक ठिपका असेल तर बहुतेक शुक्र. फोटो असेल तर मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाका, बरेचदा तोच व्हिडिओ पाच वर्षांपूर्वी भलत्याच देशाच्या नावाने फिरलेला सापडतो. आणि रात्रीच्या फ्लॅशच्या फोटोत दिसणारे पांढरे गोल म्हणजे बहुतेक वेळा लेन्सजवळची धूळ, त्यावर वेळ घालवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर बहुतेक जण घसरतात. टेस्ट करायच्या आधी ठरवा की काय झालं तर दावा खरा धरायचा आणि काय झालं तर सोडायचा, आणि हे दावा करणाऱ्याकडूनही कबूल करून घ्या. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी अशीच घेतली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या काढल्या, प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि कुठली कुठल्या गटातली एवढंच सांगायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवूनही साधारण तेवढंच येतं. यात कुणाचा अपमान नाही, कुणावर आरोप नाही, फक्त आकडा.

हीच पद्धत घरी प्लँचेटला, म्हणजे आत्मा बोलावून वाटीने अक्षरांवरून उत्तरं घेतात त्याला, लावता येते. वाटीवर बोटं ठेवणाऱ्या सगळ्यांचे डोळे घट्ट बांधा, मग त्यांना न सांगता अक्षरांचा कागद उलटा फिरवा आणि तिसऱ्याने अक्षरं लिहून घ्यायची. वाटी आत्मा हलवत असेल तर उत्तर तसंच अर्थपूर्ण यायला हवं. पण येतात नुसती विस्कटलेली अक्षरं, कारण वाटी आपलीच बोटं ढकलत असतात, नकळत. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये हलणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून हे दाखवलेलं आहे.

घरात कुणीतरी आहे असं वाटत असेल तर आधी तब्येत बघा. जाग आलीय पण अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय, हा स्लीप पॅरालिसिस असतो, अनुभव खरा असतो आणि भीतीही खरी. बंद खोलीत डोकं दुखतंय, भास होताहेत, आणि घरात गॅस गिझर किंवा कोळशाची शेगडी आहे, तर आधी खिडक्या उघडा आणि बाहेर या, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने जीव जातो, मांत्रिक शोधण्यात वेळ घालवू नका. कपडे पेटणं, दगड पडणं अशी भानामती असेल तर त्या प्रत्येक वेळी घरात कोण होतं ते शांतपणे लिहून ठेवा. खूपदा त्रासात असलेलं, ज्याचं कुणी ऐकत नाही असं घरातलंच माणूस सापडतं, त्याला चारचौघांत उघडं पाडू नका, त्याला डॉक्टरची आणि मायेची गरज असते. कुणी भूत उतरवायला मारहाण करत असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, सरळ पोलिसांत जा.

मग एलियनचा पुरावा आहे का? आजपर्यंत पक्का असा एकही नाही. नासाच्या समितीनेही २०२३ च्या अहवालात हेच सांगितलं, आणि चांगला डेटाच फार कमी आहे हेही सांगितलं. पण शोध चालूच आहे, आणि तो किती जपून चालतो ते बघण्यासारखं आहे. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, त्यात बॅक्टेरियाच्या तीन नवीन प्रजाती मिळाल्या, या प्रयोगामागे नारळीकर होते. इस्रोने २००९ मध्ये हे जाहीर करताना स्पष्ट सांगितलं की यावरून हे जंतू पृथ्वीबाहेरचेच आहेत असं ठामपणे सिद्ध होत नाही. अलीकडे १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी जोडता येईल असा वायू असल्याच्या खुणा मिळाल्याचं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं गेलं, दुसऱ्या गटांनी तोच डेटा परत तपासला आणि त्यांना तो संकेत तेवढा भक्कम वाटला नाही.

तुमच्याकडची केस एवढं सगळं करूनही सुटली नाही, तर वहीत वेळ, जागा, मूळ फाईल आणि काय काय तपासलं ते लिहा आणि पुढे 'अजून कळलेलं नाही' एवढंच लिहा. तिथे 'एलियन' लिहू नका आणि 'थाप' पण लिहू नका, पुढे कुणाला नवीन माहिती मिळाली तर त्याला तुमची नोंद कामाला येईल.