फर्स्ट इयरच्या रायटिंग क्लासमधून खरंच काहीतरी शिकायचं असेल तर

पहिला निबंध परत आला की आधी मार्क बघू नका, म्हणजे बघणारच तुम्ही, पण मग लगेच कमेंट्स पण वाचा आणि त्या दोन गटात पाडा, एक मुद्द्याबद्दलच्या आणि दुसऱ्या भाषेबद्दलच्या. स्पेलिंग, स्वल्पविराम वगैरे शेवटी. आधी मुद्दा.

सगळ्यात कामाची ट्रिक म्हणजे ड्राफ्ट झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी एका ओळीत लिहायचं की हा नेमकं काय सांगतोय, आणि मग फक्त त्या ओळी वरून खाली वाचायच्या, कुठे एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी मारलीये, कुठे एकच गोष्ट दोनदा आलीये ते लगेच दिसतं. ज्या परिच्छेदाला ओळच सुचत नाही तो बहुतेक काढायच्या लायकीचा असतो, कितीही आवडता असला तरी. बारावीपर्यंत पानं भरायची सवय लागलेली असते ना, ती इथे नडते.

मुख्य मुद्दा असा पाहिजे की कोणीतरी त्याला नाही म्हणू शकेल. ‘सोशल मीडियाचे फायदे-तोटे आहेत’ याला कोण नाही म्हणणार?

मित्राचा ड्राफ्ट वाचताना ‘मस्त आहे’ लिहून सोडू नका, कुठे अडखळलात ते सांगा. आपला ड्राफ्ट मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. निबंध लिहितानाच संदर्भ नोंदवा, सबमिशनच्या रात्री शोधत बसणं म्हणजे वैताग.

आणि जुने ड्राफ्ट डिलीट करू नका, सेमिस्टरच्या शेवटी पोर्टफोलिओ, म्हणजे सगळ्या लिखाणाचा संच, मागितला तर तेच लागतात.